नाशिकमध्ये हॉटेलात, क्लबात, लॉन्सवर गाऊन घर चालतं का?

काळी_दोन (धागाकर्ता)

हा प्रश्न मला दर लग्नात एकदा तरी विचारला जातो. विचारणारा हातात जेवणाची प्लेट घेऊन स्टेजच्या कडेला येतो, "बाकी दिवसा काय करता?" म्हणतो. दिवसा झोपतो हो. रात्री दीडला सिन्नर फाट्यावरून स्पीकर घेऊन परत आलेला माणूस दिवसा काय करणार?

तर घर चालतं. कसं, ते लिहितो. नव्वदच्या आसपास सुरुवात केली, अजून चालू आहे. गाणं, निवेदन, मिमिक्री, तिन्ही करतो. पैकी मिमिक्री आता कमी. ज्यांच्या नकला करायचो ते नट पोरांना ओळखूच येत नाहीत.

गाणारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे स्टेज, लाइट आणि काळोखात बसलेले रसिक येतात. ते कालिदास कलामंदिरात. तिथे माणूस तिकीट काढून तुम्हाला ऐकायलाच आलेला असतो, तुमचं निम्मं काम त्याने घरून निघतानाच केलेलं असतं. हॉटेलात तुमच्यासाठी कुणीही आलेलं नसतं. एका टेबलावर पोरीचा वाढदिवस, दुसऱ्यावर गंगापूर रोडच्या प्लॉटचा सौदा, तिसऱ्यावर भांडून आलेले नवरा-बायको. मोठ्याने गायलात तर सौदेवाला मॅनेजरला बोलावतो. हळू गायलात तर मालक विचारतो, पैसे कशाचे घेता? या दोहोंच्या मधली जी पट्टी आहे ती शोधायला मला काही वर्षं गेली, आणि ती प्रत्येक हॉटेलात वेगळी असते.

गायकाची जागा कायम किचनच्या दाराशी. कारण तिथे गिऱ्हाईक बसायला तयार नसतं. त्र्यंबक रोडच्या एका हॉटेलात मी बरीच वर्षं शुक्रवार-शनिवार करायचो. दार माझ्या पाठीमागे, कीबोर्डवाल्याच्या समोर. वेटर सिझलर घेऊन दारातून निघाला की तो चर्रर्र आवाज नेमका माझ्या कानाशी आणि माइकमध्ये. अंतऱ्याची पहिली ओळ त्यात गेली की गेली. मग आमचं ठरलं. दार हललं की कीबोर्डवाला भुवई उडवायचा, मी तोंड मिटायचं, तो मधलं म्युझिक आणखी दोन आवर्तनं फिरवायचा. प्लेट टेबलावर पोचली, धूर खाली बसला की अंतरा. गिऱ्हाइकांना वाटायचं, पीसच तेवढा लांब आहे. गांधर्वच्या कुठल्या परीक्षेत हे विचारत नाहीत.

दुसरी परीक्षा म्हणजे "आमच्या मिस्टरांना एक गाणं म्हणायचंय". मिस्टर दोन पेगवर असतात. रफीसाहेबांचं वरच्या षड्जाला हात घालणारं गाणं निवडतात आणि मुखडा तळात सुरू करतात. आता पहिल्या दोन शब्दांत त्यांची पट्टी ओळखायची, कीबोर्डवाल्याला खाली बोटांनी दाखवायची, त्याने ट्रान्सपोज मारायचं, आणि अंतऱ्याला मी दुसऱ्या माइकवरून आवाज लावायचा, पण इतका बारीक, की टाळ्या मिस्टरांना मिळाल्या पाहिजेत. ते टेबल पुढच्या शनिवारी परत येतं. मालक माझ्या गाण्याला पैसे देतो असं मला कधीच वाटलं नाही. तो त्या परत येणाऱ्या टेबलाला देतो.

पैशाचं गणित पंचांगावर चालतं. पितृपक्षात शून्य. गणपतीत मंडळं, नवरात्रात गरबा (तेव्हा ऑक्टोपॅडवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा, देव होतो, फोन उचलत नाही). तुळशीच्या लग्नानंतर लॉन्स सुरू. ३१ डिसेंबरची नाइट तिप्पट. मग फेब्रुवारी-मार्चला द्राक्षाचा पैसा. पिंपळगाव-निफाडकडच्या लग्नात कांद्या-द्राक्षाला भाव असेल त्या साली ढोलकी-तुंब्यासकट अख्खा वाद्यवृंद, भाव पडला की कीबोर्ड आणि गायक दोघंच. मी लासलगावचे भाव पेपरात शेतकऱ्याइतकेच लक्ष देऊन वाचतो.

सुपारी घेताना निम्मे आधी, निम्मे स्टेजवर चढण्याच्या आधी. "कार्यक्रमानंतर देतो" म्हणणाऱ्याचा कार्यक्रम घ्यायचा नाही. कार्यक्रमानंतर वरबाप सापडत नाही, त्याचा मेव्हणा सापडतो, आणि मेव्हण्याकडे पाकीट नसतं.

विचारा काय ते.

---

चिवडा_कमी_तिखट

सिझलर! आता हॉटेलात गेलो की गायकाकडे कमी आणि किचनच्या दाराकडे जास्त लक्ष जाणार. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

निवृत्त_प्रेसवाला

वा, धागा आवडला. आमच्या नाशिकरोडला प्रेसच्या कॉलनीत गणपतीत दहा दिवस कार्यक्रम असायचे. एक दिवस ऑर्केस्ट्रा नक्की. संध्याकाळपासून पोरं सतरंज्या टाकून जागा धरायची. ओझरला एचएएलच्या टाउनशिपमध्येही तसंच. सातपूर-अंबडच्या कंपन्यांची स्नेहसंमेलनं वेगळी.

कंपनीच्या कार्यक्रमाची एक गंमत असते. कामगाराने साहेबाची नक्कल केली की आख्खं शॉपफ्लोअर लोळतं. जॉनी लिव्हरचं आडनावच तिथून आलं, हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात साहेबांच्या नकला करायचा म्हणून. पुढे कल्याणजी-आनंदजींच्या स्टेज शोमधून नाव झालं. आमच्याकडेही एक होता, सेक्शनच्या साहेबाची चाल करायचा. पुढच्या वर्षी त्याची शिफ्ट बदलली. योगायोग असेल.

काळी_दोन, तुम्ही ९३-९४ च्या सुमारास आमच्या कॉलनीत आला होतात का? चष्मा, काळा कोट, निवेदनात शायरी फार?

---

काळी_दोन

@निवृत्त_प्रेसवाला, कोट भाड्याचा, शायरी दुसऱ्याची, चष्मा माझा. मीच असणार.

कंपनीची नाइट आम्हाला आवडायची. पैसे वेळेवर, टीडीएस कापून का होईना. शिवाय जेवण माणसासारखं बसून. लग्नात कलाकाराला जेवायला कधी बोलावतील सांगता येत नाही. शेवटी जातो तेव्हा गुलाबजाम संपलेले असतात आणि मसालेभातावर साय धरलेली असते.

नक्कल करताना माझा नियम एकच होता : मॅनेजिंग डायरेक्टरची करायची नाही आणि शिपायाची करायची नाही. मधल्यांची करायची. वरचे आणि खालचे दोघेही हसतात.

---

मखमलाबाद_ते_मँचेस्टर

इकडच्या वर्किंग मेन्स क्लबांची आठवण झाली. कामगारांचे स्वतःचे क्लब, स्वस्त बिअर, शनिवारी गायक नाहीतर विनोदी कलाकार. या क्लबांची संघटना १८६२ सालची आहे. क्लबाचा एक कॉन्सर्ट सेक्रेटरी असतो, तो कलाकार ठरवतो आणि पैसेही तोच हातावर ठेवतो. आमच्या इथला म्हातारा शेजारी तरुणपणी रात्रीत दोन-दोन क्लब करायचा. सांगतो, की मधे बिंगो (आपला हाउजी) लागला की गायकाने गाणं आवरतं घ्यायचं, बिंगोपेक्षा कलाकार मोठा नाही. पहिला आकडा पुकारला की सभागृहात जी शांतता पसरते ती त्याच्या गाण्याला कधीच मिळाली नाही म्हणे.

यॉर्कशरमधलं बॅटली हे लोकरीच्या गिरण्यांचं लहानसं गाव. तिथे १९६७ मध्ये मोठा व्हरायटी क्लब निघाला आणि १९६८ मध्ये त्या गावात लुई आर्मस्ट्राँग येऊन गाऊन गेला. दहा-अकरा वर्षांत क्लब बंदही पडला. टीव्ही, डिस्को, गिरण्या बंद, कारणं बरीच. २००७ ला इंग्लंडमध्ये बंद जागेत सिगारेट ओढायला बंदी आली, तेव्हा उरलेल्या क्लबांनाही फटका बसला.

आणि नाशिककरांनो, देवळाली विसरू नका. जिमी पेरी नावाचा इंग्रज पटकथाकार दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी आपल्या देवळालीच्या छावणीत तोफखान्याच्या करमणूक पथकात होता. सैनिकच गाणार, सैनिकच बायकांचे कपडे घालून नाचणार. त्यावर पुढे त्याने दुसऱ्या लेखकाबरोबर बीबीसीसाठी विनोदी मालिका लिहिली. १९७४ ते ८१ चालली. त्यातली देवळाली मात्र इंग्लंडातच उभी केलेली. भारतीय माणसं ज्या पद्धतीने दाखवली त्यावरून आता ती मालिका सहसा कुणी दाखवत नाही, आणि ते योग्यच आहे.

---

भगूरकर

देवळालीत पारशी सॅनेटोरियम आणि कॅम्पातले क्लब इथे पार्ट्यांना बँड असायचा, असं आजोबा सांगायचे. त्यांना आत प्रवेश नव्हता, कंपाउंडच्या बाहेर सायकल लावून ऐकायचे.

---

पुणतांबा_फास्ट

क्लबातल्या वादकांवरून थोडं अवांतर. मुंबईत चर्चगेटच्या आसपासच्या हॉटेलांत आणि ताजमध्ये वाजवणारे बहुतेक गोव्याचे. चिक चॉकलेट हे त्यातलं मोठं नाव, ट्रंपेटवाला. हीच मंडळी दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायची आणि रात्री हॉटेलात वाजवायची. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आल्यावर क्लबांचं काम आटलं आणि पुष्कळ जण स्टुडिओकडे जास्त झुकले. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटला साहाय्यक म्हणून घेतलं होतं. म्हणजे पन्नासच्या दशकातल्या ज्या गाण्यांवर आपण अजून माना डोलावतो, त्यातला तो हॉटेलचा झिंग आणणारा बाज खऱ्या हॉटेलातून आलेला आहे. रेकॉर्डवर नाव मात्र त्यांतल्या फार थोड्यांचं.

---

स्पष्टवक्ता_नाशिक

कटू वाटेल, पण लिहितो. ज्याच्या गळ्यात दम असतो तो हॉटेलात गात नाही. तो पुढे जातो. राहिलेले हॉटेलात गातात आणि त्यालाच करिअर म्हणतात.

---

चिवडा_कमी_तिखट

आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

काळी_दोन

@स्पष्टवक्ता_नाशिक, कटू काही नाही, हे मी घरीच ऐकलंय. माझ्याहून चांगले गाणारे नाशकात पुष्कळ आहेत. त्यातले काही माझ्या जागेवर एक शनिवार उभे राहिले आणि नऊ वाजता मालकाने मला फोन केला. ते वाईट गायले नाहीत. डोळे मिटून गायले. तेवढ्यात वाढदिवसाच्या टेबलावर केक आला, पोरीने मेणबत्ती विझवली, आणि हे आपले विरहाच्या अंतऱ्यात. केक दिसला की गाणं तिथल्या तिथे फिरवता आलं पाहिजे.

उषा उत्थुपबाईंची सुरुवात हॉटेलातच झाली. १९६९ च्या सुमारास आधी चेन्नईचा नाइट क्लब, मग कलकत्त्याला पार्क स्ट्रीटवरचं ट्रिंकाज. त्यांचा गळा हॉटेलात बसल्यामुळे अडला का?

---

मीरा_गाते

मी साधारण वीस वर्षं गाते आहे. पंचवटीत माहेर, आता इंदिरानगरला. काळी_दोन यांच्याबरोबर चार-पाच लॉन्स केले आहेत, ओळख पटली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नका, इथेच हसा.

उषाताईंचा विषय निघाला म्हणून लिहिते. नाइट क्लबमध्ये कांजीवरम नेसून, मोठी टिकली लावून उभं राहायचं हे त्यांनी केलं, ते आम्हा मुलींच्या फार उपयोगी पडलं. माझ्या आईला मी त्यांचाच फोटो दाखवला होता. आई म्हणाली, "ही कुठे, तू कुठे." पण साडीवर तोड निघाली. मी आजही हॉटेलच्या नाइटला काठापदराचीच नेसते. गिऱ्हाईक 'ताई' म्हणून फर्माइश करतं, 'मॅडम' म्हणून नाही. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

उरलेली निम्मी लिहिते. २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली. तो विषय नाचणाऱ्या मुलींचा होता, पण झळ आम्हाला बसली. 'बार' आणि 'बाई' हे शब्द एका वाक्यात आले की लोकांना फरक कळत नाही. बंदीनंतर ऑर्केस्ट्रा बार वाढले. त्यात खरोखर गाणाऱ्याही होत्या आणि हातात माइक धरायला लावलेल्याही होत्या, दोघींचं पोट त्यावरच. पण एखाद्या ठिकाणी धाड पडली, बातमी आली, की दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीत चौकशी : "तुमचं ते हॉटेल कसलं?" मी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जुनी मराठी भावगीतं गाते हो. भावगीतांवर धाड पडत नाही.

लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा एका स्थळाने विचारलं, "गातात म्हणजे रेडिओवर?" मी म्हटलं, रेडिओवरही, हॉटेलातही. निरोप आला नाही. ज्यांच्याशी झालं ते साउंडवाले आहेत. रात्री अकरानंतर घरी कसं यायचं हा प्रश्न त्यामुळे एकदम सुटला. बाकीच्या मुलींचा सुटत नाही. मानधन ठरवताना पोरींनो, गाडीचं आधी बोला. "सोडू आम्ही" यावर जाऊ नका. गाडी कोणाची, ड्रायव्हर कोण, किती वाजता, हे सुपारीबरोबरच ठरवायचं.

पैशात फरक आहे का, हे कुणी विचारणारच असेल तर : आहे. लॉन्सवर गायिकेला कधी जास्त मिळतात, कारण तिच्याशिवाय द्वंद्वगीतं होत नाहीत. पण कंपनीच्या कार्यक्रमात निवेदकाला जास्त आणि निवेदक बहुतेक पुरुष.

---

कोर्टकचेरी

मीराताईंच्या प्रतिसादाला कायद्याची जोड देतो. २००५ च्या दुरुस्तीत साध्या बारमध्ये नाचाला बंदी होती, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. पैसेवाल्यासमोर नाच चालतो आणि साध्या गिऱ्हाइकासमोर चालत नाही, हा भेद मुंबई उच्च न्यायालयाला पटला नाही. एप्रिल २००६ मध्ये त्यांनी बंदी रद्द केली, जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. मग २०१४ ची दुरुस्ती, २०१६ चा नवा कायदा, आणि १७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या जाचक अटी (सीसीटीव्ही, शाळा-देवळापासून एक किलोमीटर वगैरे) काढून टाकल्या.

गाणाऱ्यांच्या थेट कामाचा निकाल मात्र १८ फेब्रुवारी २०२२ चा. ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात चार स्त्रिया आणि चार पुरुष अशी अट असायची. न्यायालयाने सांगितलं, एकूण आठ कलाकारांची मर्यादा राहू द्या, पण त्यात बाया किती आणि बाप्ये किती हे सरकारने ठरवायचं नाही. आठही बाया असू शकतात, आठही पुरुष.

---

मीरा_गाते

आठही बाया असलेला वाद्यवृंद मला काढायचा आहे. ढोलकीवाली आहे, कीबोर्डवाली आहे. ऑक्टोपॅडवाली मिळत नाहीये. कुणाची मुलगी शिकत असेल तर कळवा.

---

भाच्याची_मावशी

भाचा कॉलेजला आहे, चांगला गातो, हॉटेलात गायचं म्हणतो. घरात वातावरण तंग. काळी_दोन, दोन ओळीत सांगा, हो का नाही?

---

काळी_दोन

@भाच्याची_मावशी, हो-नाही मी सांगत नाही, नंतर घरचे मला शोधत येतात. त्याला एवढं करायला सांगा. वही करायची. प्रत्येक गाण्यासमोर आपली पट्टी, मूळ पट्टी आणि ठेका. मोबाइलमध्ये शब्द असतातच, पण ऐन वेळी मोबाइलवर आत्याचा फोन येतो. निदान तीन पिढ्यांची गाणी पाहिजेत, आणि त्यात मराठी, हिंदी, एखादी कव्वाली, एखादं भजन. २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी माझ्या हॉटेलवाल्या गाण्यांना कुणी विचारत नव्हतं, भजनसंध्येची मात्र रांग होती. ज्यांच्याकडे भजनं होती ते जगले.

स्वतःचा माइक घ्यायचा. शुअरचा एसएम ५८, अस्सल. बाजारात नकली फार, बिल घ्यायचं. साउंडवाल्याचा माइक आदल्या दिवशी कुणीतरी तोंडात घालून गायलेला असतो. बॅगेत कॅनन केबल, दोन पी-३८ पिना, काळी टेप, थर्मासमध्ये कोमट पाणी, ज्येष्ठमध. थंड पाणी आणि लॉन्सवरचं आइस्क्रीम बंद. हे शेवटचं त्याला सगळ्यात जड जाईल.

दारूचं स्पष्ट लिहितो. "एक घ्या ना आमच्यासाठी" हे रोज होतं. हो म्हणणारे माझ्या बरोबरचे तीन-चार गुणी गळे संपले. मी पहिल्यापासून "डॉक्टरने मना केलंय" सांगतो. कोणत्या डॉक्टरने, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

---

कोर्टकचेरी

मावशी, भाच्याला हेही सांगा : हॉटेलात सिनेमाची गाणी गायली तर शब्द आणि चाल यांचा परवाना आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून लागतो, आणि तो घेणं हॉटेलवाल्याचं किंवा आयोजकाचं काम. गायकाने तशी अट लिहून घ्यावी. लग्नसमारंभाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, वरात धरून. तिथे कुणी पावती पुस्तक घेऊन आला तर घाबरायचं नाही.

---

रविवारची_मैफल

मी बँकेतून निवृत्त. आमचा कराओके ग्रुप आहे, महिन्यातून एकदा हॉल घेतो, प्रत्येकी वर्गणी, दोन-दोन गाणी. धागा छान, पण काळी_दोन यांचं आमच्यासारख्यांबद्दल काय मत आहे हे वाचायचं होतं. हल्ली व्यावसायिक गायक आमच्यावर नाराज असतात असं ऐकतो.

---

काळी_दोन

@रविवारची_मैफल, विचारलंत ते बरं केलंत, हे मी लिहावं की नाही याच विचारात होतो.

तुमच्यावर राग नाही. आयुष्यभर लेजर जुळवलेल्या माणसाला साठीत माइक हातात घ्यावासा वाटला तर त्याने घ्यावा. तुमच्या ग्रुपांत काही गळे असे आहेत की मी उठून दाद दिली आहे.

पण काय झालंय बघा. पूर्वी गाणाऱ्याला पैसे मिळायचे आणि ऐकणारा द्यायचा. आता गाणारा वर्गणी देतो आणि ऐकणारा फुकट येतो, तोही बहुतेक पुढच्या गाण्याची वाट बघणारा गाणाराच. पैसा उलटा वाहायला लागला. यात हॉलवाल्याला मिळतं, साउंडवाल्याला मिळतं, ट्रॅक विकणाऱ्याला मिळतं. वादकाला दमडी नाही. लॉकडाऊनमध्ये सगळं ठप्प होतं तेव्हा माझ्या ढोलकीवाल्याने भाजीची गाडी लावली. उठल्यावर बघतो तर हॉटेलं परत गायक घेत होती, पण "ट्रॅकवर गाणारा पाठवा, वादक नको". पुढे मालक म्हणाला, "आमच्याकडे एक काका फुकट गातात, त्यांना आवड आहे."

त्या काकांशी मी भांडू कसा? त्यांना खरंच आवड आहे. त्यांचं पेन्शन येतं, माझं येत नाही.

तेव्हा कराओके ग्रुपांना माझी विनंती एवढीच. हॉल स्वतःचा, पैसा स्वतःचा, तिथे हवं ते करा. हॉटेलात, लॉन्सवर, जिथे गल्ला आहे तिथे फुकट गाऊ नका. पाकीट घ्या. नको असेल तर ते ढोलकीवाल्याला द्या. आणि वर्षातून एक मैफल ट्रॅकऐवजी वादकांवर करून बघा. ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही, तबलजी थांबतो. अंतरा चुकून दोनदा घेतलात तरी तो बरोबर येतो, आणि लोकांना कळू देत नाही.

---

रविवारची_मैफल

पटलं. ग्रुपवर हा प्रतिसाद चिकटवतो. वादकांवर मैफल करायची तर सरावाला किती वेळा बसावं लागेल? आमच्यातल्या निम्म्यांना ट्रॅकवरचे शब्द पुढे सरकले नाहीत तर गाणं कुठे सुरू करायचं तेच कळत नाही. हे थट्टेत नाही लिहिलं.

---

मीरा_गाते

@रविवारची_मैफल, दोन बैठका पुरतात. पहिल्या बैठकीत फक्त पट्ट्या ठरवा, गाऊ नका. आणि हॉटेलात फुकट गाणाऱ्या बायका पण आहेत हो, नुसते काका नाहीत. "मला पैशाची गरज नाही" असं मालकाला सांगतात. माझी नाइट त्या वाक्यावर कमी झालेली आहे.

---

त्र्यंबकचा_बाळ

अवांतर : कलाकाराने पोटासाठी चार गोष्टी कराव्यात याला नाशिकची परंपराच आहे. आमच्या त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोगसुद्धा करायचे. जादूगार म्हणून आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' झाले होते. खरं आहे, थाप नाही.

---

चिवडा_कमी_तिखट

प्रोफेसर केळफा! काळी_दोन, तुम्हीही नाव उलटं करून बघा, नाइट वाढेल.

---

निवृत्त_प्रेसवाला

काळी_दोन यांनी पेन्शनचा विषय काढला म्हणून. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे. वयाची अट पन्नास, उत्पन्नाची अट आहे, आणि २०२४ पासून महिना ५००० रुपये केलंय. माझ्या ओळखीच्या एका भारूडवाल्याला मिळतं. तुम्ही अर्ज केलात का?

---

काळी_दोन

फॉर्म आणून ठेवलाय. अडतं पुराव्यापाशी. इतकी वर्षं कलेचं काम केलं याचे कागद जोडायचे आहेत. तमाशाच्या फडाचं पोस्टर असतं, कीर्तनकाराची पत्रिका असते, नाटकवाल्याची जाहिरात असते. हॉटेलच्या दारात फळ्यावर खडूने लिहायचे : "आज लाइव्ह म्युझिक". नाव नाहीच. लग्नपत्रिकेत कुलदैवतापासून चिमुकल्यांपर्यंत सगळे असतात, गायक नसतो. पैसे रोख, पावती नाही. ज्या हॉटेलात जास्त वर्षं काढली ते पाडून तिथे आता मोबाइलचं शोरूम आहे. कंपन्यांचे टीडीएसचे कागद थोडे सापडले, पण त्यावर 'प्रोफेशनल फी' एवढंच. मी गायलो का प्लंबिंग केलं, ते कळत नाही.

---

कोर्टकचेरी

टीडीएसचे कागद टाकून देऊ नका, तारखा सिद्ध व्हायला उपयोगी. त्याच दिवसाचा कंपनीच्या गृहपत्रिकेतला फोटो किंवा वार्तापत्र मिळालं तर दोन्ही जोडून द्या. मंडळांची गणेशोत्सवाची कार्यक्रम पत्रिका उत्तम.

---

निवृत्त_प्रेसवाला

अहो, मग आधी नाही का सांगायचं! छापखान्यात जन्म गेला, आमच्याकडे कागद टाकून देत नाहीत. कॉलनीच्या गणेशोत्सवाच्या पत्रिका माझ्याकडे पोटमाळ्यावर आहेत, बऱ्याच वर्षांच्या. ऑर्केस्ट्राच्या दिवसाखाली कलाकारांची नावं असायची असं आठवतंय. तुमचं खरं नाव व्यनि करा, रविवारी मुलाला वर चढवतो.

---

काळी_दोन

व्यनि केला. पत्रिकेची मागची बाजूही बघा काका. पुढच्या बाजूला देणगीदार आणि अध्यक्ष, आम्ही बहुतेक वेळा जाहिरातींच्या खाली. काही वेळा नाव चुकीचं छापलेलं असेल, आडनावाच्या शेवटी 'कर' जास्तीचा. तसलं असलं तरी काढून ठेवा, कोर्टकचेरी साहेब त्याचं काय करायचं ते सांगतील.

---

कोर्टकचेरी

दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. स्टॅम्पपेपर मी आणतो. ५८ चं बिल घेता तसं यापुढे प्रत्येक नाइटचं एक पत्र घेत चला.